अंधाराला चाल लागते तेव्हा

ज्या घरात कॉलेजला जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरातल्या आईवडिलांची कधी ना कधी एका काळ्या टी-शर्टशी गाठ पडते. त्यावर काहीतरी लिहिलेले असते, पण वाचता येत नाही. अक्षरे झाडाच्या वाळक्या मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात. आई तो उलटा करून दोरीवर वाळत घालते आणि वडील विचारतात, ‘हे काय आहे?’ उत्तर येते, ‘बँड आहे.’ आणखी काही विचारावे असे वडिलांच्या मनात असते, पण तोवर पोराच्या कानात बटणे गेलेली असतात.

त्या राहून गेलेल्या पुढच्या प्रश्नाविषयी आज थोडे बोलू. हे संगीत नेमके काय आहे, त्यात इतका काळोख का, आणि तो काळोख ऐकून चांगल्या घरातल्या, चांगले मार्क मिळवणाऱ्या, आजीला दवाखान्यात नेणाऱ्या मुलांना उभारी का वाटते? सरसकट ‘पाश्चात्त्य गोंगाट’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण ज्याला गाण्याचा कान आहे त्याने एखादी तरी मुद्रिका नीट ऐकून मत द्यावे. म्हणून आपण एकच घेऊ. स्वीडनमधल्या ‘डिसेक्शन’ या बँडची, १९९५ साली निघालेली ‘स्टॉर्म ऑफ द लाइट्स बेन’. नावाचा अर्थ साधारण ‘प्रकाशाच्या वैऱ्याचे वादळ’ असा. बँडचे नाव म्हणजे शवविच्छेदन. नावे ऐकूनच अर्धे वाचक पुढच्या पानाकडे वळतील याची कल्पना आहे. जे थांबतील त्यांच्यासाठी पुढे लिहितो.

या प्रकाराला ‘ब्लॅक मेटल’ म्हणतात. हे नाव इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’ या तिघांच्या बँडने १९८२ साली आपल्या एका अल्बमला दिले. त्या मंडळींचा सैतान जत्रेतल्या राक्षसाच्या मुखवट्याइतकाच खरा होता. मुलांना दचकवायचे, हसवायचे आणि घरी जायचे. दहा वर्षांनी नॉर्वेमधल्या काही विशीतल्या मुलांनी तो मुखवटा गंभीरपणे चढवला, आणि मग मात्र तो उतरेना. त्या कथेकडे पुढे येऊच. आधी संगीत.

डिसेक्शनचा गायक, गिटारवादक आणि मुख्य रचनाकार यॉन नॉट्वेट हा १९७५ सालचा. म्हणजे ही मुद्रिका आली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. गाव स्ट्रॉमस्टाड, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉर्वेच्या सीमेला लागून. सोबत दुसरा गिटारवादक, एक बास आणि एक ड्रमवाला. ध्वनिमुद्रण डान स्वानो या वादक-तंत्रज्ञाने केले. आठ तुकडे, सगळे मिळून पाऊण तासापेक्षा थोडे कमी. पहिला आणि शेवटचा तुकडा शब्दांवाचून आहे. मधले सहा म्हणजे आपल्या नेहमीच्या अर्थाने ‘गाणी’ नव्हेत, पण प्रत्येकाला चाल आहे, आणि ती चाल एकदा कानात शिरली की आठवडाभर जात नाही. ‘मेलडिक’ हे विशेषण या बँडला लागले ते त्यामुळे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? एक भिंत. सगळे एकदम, सगळे मोठ्याने, आणि त्यावर कोणीतरी घसा खरवडून ओरडतो आहे. दहापैकी नऊ माणसे इथेच थांबतात आणि त्यांना दोष देता येणार नाही. दहाव्याने थोडा वेळ दिला तर भिंतीत खिडक्या दिसू लागतात. त्यासाठी वादनाची तीन साधी गुपिते माहीत हवीत.

पहिले गिटारचे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत मेंडोलिन ऐकले असेल. मेंडोलिनच्या तारेचा आवाज छेडल्यावर लगेच विरतो, म्हणून लांब स्वर हवा असेल तर वादक तीच तार अतिवेगाने वरखाली छेडत राहतो, आणि तुटक ठिपक्यांची सलग रेघ होते. ब्लॅक मेटलचा गिटारवाला हेच करतो, पण विजेवर चालणाऱ्या आणि मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाच्या गिटारवर. एका सेकंदात दहा-बारा आघात. आघात वेगळे ऐकू येत नाहीत. ऐकू येतो तो हळूहळू सरकणारा, कडा नसलेला एक लांब सूर, दुरून येणाऱ्या अनेक व्हायोलिनांसारखा.

दुसरे ड्रमचे. तिथे ‘ब्लास्ट बीट’ नावाची चाल आहे. हात आणि पाय मिळून इतक्या जलद ठोके देतात की ताल असा उरतच नाही. टेबलफॅन सुरू करताना त्याची पाती वेगवेगळी दिसतात, वेग वाढला की धुरकट चकती दिसते आणि ती स्थिर वाटते. अगदी तसेच. वेगाची परिसीमा झाली की कान वेग मोजणे सोडून देतो आणि सर्वांत संथ जे काही चालले आहे तिकडे वळतो. इथे संथ काय आहे? स्वरांची जोडी बदलण्याची गती. ती बदलते चार-चार, आठ-आठ मात्रांनी. म्हणजे वरवर पाहता हे जगातले सर्वांत धावते संगीत, आणि आत पाहता विलंबित. ज्याला ‘भव्य’, ‘पलीकडले’ म्हणावे असे जे काही या मुद्रिकेत वाटते त्याचे निम्मे कारण या विरोधात आहे. अंगावर वादळ आणि मनात स्तब्धता, दोन्ही एकाच वेळी.

तिसरे स्वरांचे. पाश्चात्त्यांचे नैसर्गिक मायनर स्वरसप्तक म्हणजे आपला आसावरी थाट: गंधार, धैवत आणि निषाद कोमल. सकाळच्या आसावरी-जौनपुरीतली व्याकुळता ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे स्वर परके नाहीत, फक्त त्यांचा पेहराव परका आहे. त्यात दोन गिटार एकच चाल वाजवतात, पण एक दुसरीपेक्षा तीन पायऱ्या वर. एक ‘सा’वर असेल तर दुसरी कोमल ‘ग’वर. ही दोन गिटारींची जोडचाल लोकप्रिय करणाऱ्यांत इंग्लंडचा ‘आयर्न मेडन’ बँड अग्रभागी. २००८ साली तो मुंबईत वाजवून गेला तेव्हा इथल्या पोरांनी त्या चाली शब्दांसारख्या एका सुरात म्हटल्या होत्या. मेडनच्या हातात ही जोडचाल घोड्यावर बसलेल्या वीराची असते. डिसेक्शनच्या हातात तीच चाल त्या वीराच्या अंत्ययात्रेची होते. एवढाच फरक, आणि तेवढ्यात सारे जग बदलते.

मग तो ओरडणारा आवाज? तो गाणारा आवाज नव्हेच. चाल गिटारींनी उचलली आहे, त्यामुळे गळ्याला सुरात असण्याचे बंधन राहिलेले नाही. तो वाऱ्याचे काम करतो. शब्द स्वीडिश माणसालाही कळत नाहीत. शब्द इंग्रजी आहेत आणि इंग्रजांनाही कळत नाहीत. हे मला खरे सांगायचे तर सोयीचे वाटते. कारण सोबतच्या कागदावर छापलेले शब्द वाचले तर थडगी, रक्त, गोठलेले देवदूत असे बरेच काही आहे आणि त्यातला पुष्कळसा भाग वीस वर्षांच्या मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा असा आहे. सूर जितका प्रौढ, तितके शब्द कोवळे. ज्याच्या कानाला सूर आधी ऐकू येतो तो सुटला.

‘व्हेअर डेड एंजल्स लाय’ या नावाचा चौथा तुकडा मात्र कोणालाही ऐकवावा. इथे वेग सोडून दिलेला आहे. चाल पावलापावलाने, बर्फात पाय रुतत जावा तशी जाते. मुद्रिकेत इतर ठिकाणीही मध्येच वादळ थांबते आणि साधी, खरखर नसलेली गिटार चार स्वर वाजवते. त्या चार स्वरांची किंमत आधीच्या गदारोळामुळे दहापट होते. पावसात तासभर चालून आलेल्या माणसाला कोरड्या ओसरीची जी किंमत असते ती.

आता उत्तरेकडच्या काळोखाविषयी. स्ट्रॉमस्टाड जवळजवळ ५९ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी तिथे दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. दुपारी साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या मुंबईत सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. त्यामुळे ‘अंधार’ या शब्दाचा अनुभवच वेगळा. इथे अंधार म्हणजे दिवस संपला. तिथे अंधार म्हणजे ऋतू. पण या मुद्द्यावर फार भार देऊ नये. त्याच देशाने, त्याच हिवाळ्यातून, ‘आबा’ हा जगाला नाचवणारा गोड बँडही दिला. हवामान चाली लिहीत नाही.

चाली कोणी लिहिल्या, त्यांना वाजवायला कोणी शिकवले, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून गावोगावी नगरपालिकेच्या संगीतशाळा उभ्या राहिल्या. शाळकरी पोराला तिथे अल्प शुल्कात, कुठे विनाशुल्क, वाद्य शिकता येते. शिवाय प्रौढशिक्षणासाठी सरकारी अनुदान घेणाऱ्या अभ्याससंस्था आहेत, त्या तरुणांच्या बँडना तालमीची खोली आणि थोडी मदत देतात. चार पोरे एकत्र बसून वाजवतात ते कागदोपत्री ‘अभ्यासमंडळ’ ठरते. म्हणजे करदात्या सभ्य नागरिकांनी भरलेल्या पैशातून गोथेनबर्गच्या आसपास १९९०च्या दशकात जगभर गाजलेला कर्कश तरी सुरेल आवाज तयार झाला. १९९५ हे एकच वर्ष घेतले तरी ‘अॅट द गेट्स’ आणि ‘डार्क ट्रँक्विलिटी’ या तिथल्या दोन बँडच्या सर्वाधिक वाखाणल्या गेलेल्या मुद्रिका त्याच वर्षीच्या. आपल्या महापालिका संगीतावर काय खर्च करतात हा विषय पुन्हा कधी.

मुद्रिकेचे मुखपृष्ठ क्रिस्तियान व्होलिन या स्वीडिश चित्रकाराचे आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. निळ्या, गोठलेल्या रानातून घोड्यावर बसून मृत्यू येतो आहे. रक्त नाही, किळस नाही, थंडी आहे. हा घोडेस्वार कुठला? बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या ग्रंथातला, फिकट घोड्यावरचा. मध्ययुगात चर्चच्या भिंतींवर मृत्यूची असली चित्रे रंगवीत. स्टॉकहोमजवळ टेबी इथल्या चर्चमध्ये मृत्यू माणसाशी बुद्धिबळ खेळतो असे पंधराव्या शतकातले एक चित्र आहे. इंगमार बर्गमनला १९५७ सालच्या ‘द सेव्हन्थ सील’मधला बुद्धिबळ खेळणारा मृत्यू तिथूनच मिळाला. आणि बर्गमन तर पाद्र्याचा मुलगा. गंमत अशी, की ज्या चर्चविरुद्ध ही मुले शड्डू ठोकून उभी होती त्याच्याच भिंतीवरचे चित्र त्यांनी आपल्या झेंड्यावर घेतले. सैतान, देवदूत, अंतिम दिवस: सगळी भांडी त्याच स्वयंपाकघरातली. आपल्याकडे कंसाच्या, रावणाच्या संदर्भात विरोधभक्ती असा शब्द आहे. रात्रंदिवस ज्याचा द्वेष करायचा त्याचेच ध्यान घडते. स्कँडिनेव्हियातल्या या संगीताला इतका नेमका शब्द तिकडे कोणी शोधला असेल असे वाटत नाही.

इथवर सगळे कलेविषयी झाले. इतकेच असते तर हा लेख पुरवणीच्या आतल्या पानावर संगीताच्या सदरात शोभला असता.

६ जून १९९२च्या पहाटे नॉर्वेत बर्गनजवळचे फांटोफ्टचे लाकडी चर्च आगीत भस्म झाले. मूळ वास्तू बाराव्या शतकातली. १८८३ साली ती सुटी करून दूरच्या गावातून तिथे आणली होती. आग लावलेली होती. पुढच्या काळात आणखी चर्चे जळाली आणि त्यांपैकी अनेकांमागे या संगीतातली तरुण मुले निघाली. ऑगस्ट १९९३मध्ये ऑस्लोत ‘मेहेम’ या बँडच्या ‘युरोनिमस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारवादकाचा खून झाला. खून करणारा दुसरा तसलाच वादक; १९९४मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. डिसेक्शनची १९९३ सालची पहिली मुद्रिका या मारल्या गेलेल्या युरोनिमसच्या स्मृतीला अर्पण केलेली आहे.

आणि जुलै १९९७मध्ये गोथेनबर्गच्या केलर्स पार्क या उद्यानात अल्जीरियातून आलेल्या एका माणसाला गोळी घालून ठार करण्यात आले. तो समलिंगी होता. त्याचे आणि मारणाऱ्यांचे काही देणेघेणे नव्हते. या प्रकरणात दोघांना शिक्षा झाली, त्यांतला एक यॉन नॉट्वेट, हत्येत साथ दिल्याबद्दल. तो २००४ साली सुटला. २००६ साली त्याने डिसेक्शनची तिसरी मुद्रिका काढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, स्वतःचे आयुष्य संपवले. तो एका गुप्त सैतानपंथी मंडळाचा सदस्य होता आणि आपले संगीत म्हणजे त्या श्रद्धेचाच उच्चार आहे असे शेवटपर्यंत सांगत राहिला.

तर आता प्रश्न असा की वर ज्या सुरांची तारीफ केली ते सूर आपण ऐकावेत का? मुलांना ऐकू द्यावेत का?

याची दोन तयार उत्तरे आहेत. एक आईवडिलांचे: बघा, असले ऐकल्यावर असलेच होणार. हे टिकत नाही. ही मुद्रिका जगभर लक्षावधी लोकांनी ऐकली असेल. ते नोकऱ्या करतात, हप्ते भरतात, मुलांना शाळेत सोडतात. दुसरे उत्तर मुलांचे: कलाकार वेगळा, कला वेगळी. हेही इतके सरळ नाही. चित्रकार दारुडा होता, कवी बायकोशी वाईट वागला, अशा वेळी ते म्हणता येते. इथे तर कलाकार स्वतःच म्हणतो आहे की वेगळे करू नका, माझे सूर आणि माझे कृत्य एकाच मुळाचे. मग त्याचे म्हणणे खोडून काढायचे असेल तर कारण द्यावे लागेल.

कारण आपल्याकडे फार पूर्वी देऊन ठेवलेले आहे. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आहे, बीभत्सही आहे. मग विचारवंतांना कोडे पडले: भीती ही दुःखदायक गोष्ट, मग रंगभूमीवर ती पाहायला माणसे हौसेने का जातात? भट्टनायकाने उत्तर दिले ते साधारणीकरणाचे. रंगमंचावरची भीती माझी नसते, नटाची नसते, कोणा एकाचीच नसते. माझे-तुझे सुटले की भीतीतला दंश जातो आणि उरतो तो रस. पश्चिमेतही एडमंड बर्कने १७५७ साली उदात्ताविषयी लिहिताना हेच वेगळ्या वाटेने मांडले: भयंकर गोष्ट फार जवळ आली तर नुसती यातना, थोड्या अंतरावर असेल तर आनंद. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून खाली धुक्यात पाहणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. कोणी मागून ढकलले तर त्यात उदात्त काही उरत नाही.

म्हणजे काळोख्या कलेची सारी जादू एका अटीवर उभी आहे. तिथे कोणी खरोखर मरता कामा नये. ही नीतीची अट आहेच, पण त्याआधी ती कलेची अट आहे. नॉर्वे-स्वीडनमधल्या त्या पोरांना नेमकी हीच अट डाचत होती. त्यांच्या वर्तुळात सर्वांत मोठी शिवी ‘खोटा’ ही होती. तू खरा की खोटा? नुसते गाणे म्हणतोस की करूनही दाखवतोस? व्हेनमच्या जत्रेतल्या राक्षसाचा त्यांना तिटकारा होता, कारण तो कार्यक्रम संपल्यावर मुखवटा काढून घरी जात असे. कीचकवधाच्या प्रयोगात भीमाने खरोखर गळा आवळायला सुरुवात केली तर आपण त्याला अधिक ‘खरा’ नट म्हणणार नाही. पडदा पाडू आणि पोलीस बोलावू.

आणि मुद्रिका तर तिच्या कर्त्याविरुद्ध साक्ष देते. जो म्हणतो की हे संगीत म्हणजे निखळ द्वेष, त्याने दोन गिटार तीन पायऱ्यांच्या अंतरावर इतक्या काळजीने का बसवल्या? वादळ कुठे थांबवायचे आणि चार स्वर कधी वाजवायचे याचा हिशेब द्वेष करत नसतो. तो हिशेब ऐकणाऱ्याची पर्वा असणारा माणूस करतो. वीस वर्षांच्या नॉट्वेटपाशी तो हिशेब होता. बावीसाव्या वर्षी, त्या उद्यानात, त्याने तो सोडला. माझ्या मते कलावंत म्हणूनही त्याचा पराभव तिथे झाला, कारण जे त्याला सुरांत साधले होते ते त्याने पुरेसे मानले नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण मुद्रिका विकली जाते, तिच्या नव्या आवृत्त्या निघतात, चाहते त्याचे फोटो लावतात. आणि मेलेल्या माणसाचे काय? आक्षेप योग्य आहे. या संगीताविषयी लिहिणाऱ्या पुष्कळ चाहत्यांच्या लेखनात १९९७ सालचा उल्लेख ‘दुर्दैवी काळ’, ‘तुरुंगवास’ असा येतो, जणू काही त्या वादकावरच कुठले संकट कोसळले होते. मारला गेलेला माणूस एका ओळीतही येत नाही. हे मला सैतानाच्या साऱ्या चित्रांपेक्षा अधिक भयंकर वाटते. स्वीडनमध्ये सुझाना एडवर्ड्स या दिग्दर्शिकेने २००६ साली ‘केलर्स पार्क’ नावाचा चित्रपट केला. या घटनेवरून सुचलेला. त्यात बँड महत्त्वाचा नाही. एका पुरुषाचे दुसऱ्या पुरुषावरचे प्रेम आणि त्यातल्या एकाचे मरण हा विषय आहे. ज्याच्या घरी ती मुद्रिका आहे त्याला हा चित्रपटही आहे हे ठाऊक असावे.

आपल्या मुलांचे म्हणाल तर या संगीताची मुंबईतली वाट फार वेगळी आहे, हे ऐकून बरे वाटेल. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’च्या मैफली होत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे त्या जागेतला आवाज बंद झाला, पण तोवर एक पिढी तयार झाली होती. २००० साली मुंबईतच ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ हा बँड निघाला, आणि त्याच्या संगीतात ब्लॅक मेटलचा हा उत्तरेकडचा रंग स्पष्ट आहे. इथे कोणी देऊळ जाळले नाही, कोणी कोणाला मारले नाही. पोरे लोकलने वाद्ये घेऊन येतात, बारा वाजायच्या आत शेवटची गाडी पकडतात. इथे मुखवटा पुन्हा मुखवटा झाला, आणि संगीत त्याने काही कमी काळोखे झाले नाही.

शिवाय अंधाराची ओढ आपल्या घरांना नवी नाही. नारायण धारपांच्या आणि मतकरींच्या गूढकथा रात्री पांघरुणात वाचून मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायला घाबरणारी मुले आज पन्नाशी-साठीची आहेत आणि तीच आता काळ्या टी-शर्टवरून चिंतेत आहेत. जी. ए. कुलकर्णींच्या कथांत उजेड किती असतो? तरी त्या वाचून माणूस खचत नाही. उलट आपल्या लहान दुःखांना मोठे आकाश मिळाल्यासारखे वाटते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची दुःखे मोठी असतात, पण त्यांना नाव नसते, आणि घरात त्यांना जागा नसते. परीक्षा, उंची, मित्राने बोलणे सोडले, कोणीतरी पाहून न पाहिल्यासारखे केले. त्याला ‘सकारात्मक विचार कर’ असे सांगणारे गाणे नको असते. जे त्याच्या आत आहे त्याहून मोठे, त्याहून काळे आणि तरीही सुरात असलेले काहीतरी बाहेर आहे, एवढे कळले की त्याला हलके वाटते. मात्र मूल खात नसेल, झोपत नसेल, मित्रांपासून तुटले असेल, तर गाणे बंद करून भागणार नाही. त्याच्याशी बोलावे, डॉक्टरांशी बोलावे. ते संगीतामुळे नसते आणि संगीत काढून घेतल्याने जातही नाही.

एखाद्या रविवारी दुपारी त्या खोलीचे दार ठोठावून ‘मलाही ऐकव’ म्हणायला हरकत नाही. पोर आधी संशयाने पाहील. सगळी मुद्रिका ऐकवू लागले तर दम लागेल, म्हणून चौथा तुकडा मागा, आणि मग शेवटचा. शेवटच्याची लांबी जेमतेम दीड मिनिट आहे. त्यात ड्रम नाहीत, खरखर नाही, ओरडणे नाही. फक्त पियानो आहे. तो कशासाठी ठेवला असेल, हे आधी पोराला विचारा.